रोमचा सात-बारा

रोमन इतिहासकारांच्या शब्दाला अखेरपर्यंत जागलेला माणूस रोममध्ये नव्हे, मुळशी तालुक्यात, घोटावड्यात राहत होता. हे वाक्य मी त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला असता, करंगळी माझ्या दिशेने रोखली असती आणि विचारलं असतं, “कुठे म्हटलंय?” मी म्हटलं असतं, मीच म्हणतेय. “मग ठीक. खाली तुमचं नाव घाला.”

तर माझं नाव घालून सांगते. असा एक माणूस होता आणि त्याची खोली घरमालक नानांच्या गोठ्याला लागून होती. आत साम्राज्यं बुडत असताना पलीकडून म्हैस भिंतीला अंग घासायची.

मी तेव्हा उरवड्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. हजेरी, रजा, कँटीनच्या तक्रारी आणि वर्षातून चारदा गृहपत्रिका, एवढं माझं राज्य. गृहपत्रिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या साहेबांचा संदेश असायचा आणि संदेशाच्या पहिल्या ओळीत कुणीतरी थोर माणूस. देशी संत, विदेशी शास्त्रज्ञ असे सगळे वापरून झाल्यावर एका अंकात रोमन इतिहासकाराची पाळी आली. तुम्हीही भाषणं ऐकली असतील, तुमच्याही लक्षात आलं असेल. वक्त्यांना रोमन इतिहासकार फार आवडतात. समोरच्या सभेत तो वाचलेला कुणी बसलेला नसतो, हा त्याचा मोठा गुण. साहेबांच्या इतिहासकाराने म्हटलं होतं की, जे सैन्य मिनिटाचा मान राखतं, तेच युद्ध जिंकतं. आमच्याकडे त्या महिन्यात हजेरीच्या पंचिंगची नवी मशीनं बसली होती.

पिरंगुटच्या छापखान्यातून प्रूफ परत आलं. त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कुठे? रोमन लोकांकडे तास होता, मिनिट नव्हता.’

छापखानेवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, आमची प्रूफं फादर बघतात. रोमचं काही आलं की त्यांना विचारल्याशिवाय मी छापत नाही. मागं एका शाळेच्या स्मरणिकेत रोमन इतिहासकाराने बटाट्यावर काहीतरी सांगितलं होतं. फादर म्हणाले, बटाटा तिकडे पोचायला अजून दीड हजार वर्षं होती. अख्खा फर्मा बदलावा लागला.”

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “अहो, इंटरनेटवर आहे.” शेवटी आम्ही ‘असे म्हणतात की’ घालून सुटका करून घेतली. पुढे ओळख झाल्यावर फादर मला म्हणाले, “‘असे म्हणतात’ हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा इतिहासकार, संपादकबाई. आपलं बहुतेक सगळं त्यानेच लिहिलंय.”

फादर म्हणते आहे खरी, पण ते फादर नव्हते. वसईकडचे. तरुणपणी पुण्यात पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत होते, तिथे लॅटिन शिकले, आणि दीक्षेच्या आधी बाहेर पडले. का, असं मी एकदा विचारलं. “देवाविषयी शंका नव्हती. माझ्याविषयी होती.” नंतर आयुष्यभर पुण्यात कोशांच्या आणि जाड पुस्तकांच्या कचेऱ्यांमध्ये संदर्भ तपासायचं काम केलं. लेखक म्हणेल, अमक्याने तमकं म्हटलंय. यांनी मूळ पुस्तक काढून ते पान शोधायचं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर स्वस्त आणि शांत म्हणून घोटावड्याला नानांच्या चाळवजा खोल्यांतली एक खोली घेतली. गावाने पांढरा लेंगा, पांढरी दाढी आणि गळ्यातलं क्रॉसचं पदक पाहिलं, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांना फादर करून टाकलं.

“मी फादर नाही,” ते दर खेपेला सांगायचे.

“व्हय फादर,” गाव म्हणायचं.

त्यांच्या खोलीत खाट, स्टोव्ह आणि पुस्तकं. पुण्याच्या फुटपाथवरून वर्षानुवर्षं जमवलेली, डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी असलेली पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हरं. उरलेल्या वेळात ते एकच उद्योग करत. वर्तमानपत्रात, पत्रिकेत, भाषणात कुठेही रोमन इतिहासकाराच्या नावाने वाक्य दिसलं की ते खरं आहे का, हे शोधायचं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाला हवंही नव्हतं. मी म्हटलं, “तो माणूस मरून दोन हजार वर्षं झाली. त्याला काय फरक पडतो?”

“म्हणून तर,” ते म्हणाले. “त्याला नाही म्हणायला येता येत नाही.”

खोटं वाक्य ते वासावरून ओळखत. “खोटं वाक्य नेहमी नीटनेटकं असतं. भिंतीवर रंगवता येईल असं. खरा इतिहासकार मोठं काही सांगायला निघतो आणि मध्येच कुठली नदी आणतो, कुणाचा तरी मेव्हणा आणतो, त्या वर्षीचा पाऊस आणतो. त्याला सांगायचं असतं. ह्यांना टाळ्या हव्या असतात.”

पण वासावर ते थांबत नसत. प्रत्येक वाक्याचे तीनच निकाल होते. ‘आहे’, म्हणजे पान सापडलं. ‘नाही’, म्हणजे त्या इतिहासकाराचं उपलब्ध असलेलं सगळं वाचलं आणि सापडलं नाही. तिसरा निकाल ते क्वचित आणि नाइलाजाने देत : ‘हरवलेल्यात असेल’. रोमन इतिहासकारांनी जितकं लिहिलं, त्यातलं बरंचसं काळाच्या ओघात नाहीसं झालं आहे. तेव्हा एखादं वाक्य हरवलेल्या भागात नव्हतंच, असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येत नाही. “हा चोरांचा मागचा दरवाजा आहे,” ते म्हणायचे. “सगळे खोटे तिथून आत येतात.”

त्या दरवाजात एक दिवस ते स्वतःच उभे राहणार होते.

पुढच्या हिवाळ्यात गावच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. आमच्या कारखान्याने पंखे दिले होते म्हणून मला व्यासपीठावर खुर्ची होती. प्रमुख पाहुणे शहरातले एक निवृत्त प्राचार्य, भरदार आवाजाचे. त्या दिवसांत गावात एकच विषय होता, जमीन. शेजारच्या माण गावच्या जमिनी आयटी पार्कात गेल्या होत्या, आणि आता शहरातला एक बिल्डर घोटावड्याच्या रस्त्याकडेची भातखाचरं बंगल्यांसाठी मागत होता. पाहुण्यांना हे येताना गाडीत कुणीतरी सांगितलं असावं. भाषणाच्या शेवटी त्यांनी डोळे मिटले, हात वर नेला आणि सांगितलं की, रोमच्या एका महान इतिहासकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे : ज्या गावाने शहराला जमीन विकली, त्या गावात पुढे गावकरीच पाहुणे होतात. इतिहासकाराचं नावही त्यांनी घेतलं. नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वाक्य मात्र साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. टाळ्या थांबेनात.

चहाच्या वेळी फादर पुढे झाले. चष्मा कपाळावर, करंगळी पुढे.

“कुठे म्हटलंय?”

“अहो, प्रसिद्ध आहे ते!” पाहुणे हसून म्हणाले.

“प्रसिद्ध नावाचा ग्रंथ माझ्याकडे नाही. पान सांगता का?”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्यांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी बिस्किटांची बशी मध्ये घातली.

आठवड्याभरात ते वाक्य शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आलं. जमीन वाचवायला गावात समिती निघाली होती. तिने हाताएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलं, खाली ‘रोमन इतिहासकार’ एवढंच. मी भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, “भिंतीवर रंगवता येईल असं, म्हणाला होतात.” ते हसले नाहीत. “शोधतो,” म्हणाले.

घोळ इथून सुरू झाला. कारण त्या अख्ख्या गावात ते वाक्य खरं मानणारा एकच माणूस निघाला, आणि तो त्यांचा घरमालक होता.

नानांचं वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेलं. रस्त्याला लागून चार खाचरं, त्यात इंद्रायणी तांदूळ, आणि बांधाला त्या खोल्या. थोरला मुलगा दत्ता टेंपो चालवायचा, त्याला विकायचं होतं. धाकटा त्याच्या मागे. दत्ता वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं : “माणवाले आता खोल्यांचं भाडं खात्यात आन आमी चिखल. आज मागत्यात तर देऊ. उद्या शेजारच्यांनी दिली की आपल्याला रस्ता बी राहनार न्हाई.” समिती होतीच, पण समितीच्या अध्यक्षांनी स्वतःची जमीन पहिल्या पावसाआधीच विकली. वाक्य भिंतीवर तसंच राहिलं.

नाना मात्र अडून बसले. मी प्रूफं घेऊन फादरांकडे जायची तेव्हा पडवीत नानांचं बोलणं कानावर पडायचं.

“माज्या आज्यानं सांगितलं आसतं तर पोरं हसली आसती,” ते एकदा मला म्हणाले. “म्हनली आसती, म्हातारं आडानी व्हतं. पन मॅडम, ह्यो परका मानूस. दोन हजार वर्सांमागचा. त्याला माज्या खाचराचं काय पडलंय? तरी त्यानं लिवलं. म्हंजी त्यानं कुटंतरी बगितलं आसनार.”

मी प्रूफं घेऊन फादरांच्या खोलीकडे वळले.

नानांना माहीत होतं की, फादर ते वाक्य शोधताहेत. कुठल्या पुस्तकात आहे ते एकदा मिळालं की ते पान पोरांच्या पुढ्यात ठेवायचं, हा नानांचा बेत होता. सात-बाऱ्यासमोर सात-बारा. रोज संध्याकाळी गोठ्यातून दूध घेऊन निघताना ते खोलीच्या दारात थांबत.

“घावलं का, फादर?”

“अजून नाही, नाना.”

“हुडका, हुडका. घाई न्हाई.”

आणि घरात सांगत, “फादर हुडकत्यात. ते सांगूस्तवर सही न्हाई.”

असं एक भात निघालं. दुसरं निघालं. तिसरं लागलं. मला आधी कौतुक वाटलं, मग शंका यायला लागली. ज्या माणसाने बटाट्याचा निकाल एका दुपारी लावला, त्याला एका वाक्यासाठी दोन वर्षं कशी लागतात?

घोटावडे फाट्यावर चहा पिताना मी एकदा विचारलंच. पावसाळी दिवस होता, टपरीच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं. त्यांनी कप बाकावर ठेवला, चष्मा कपाळावर नेला नाही. ती करंगळीही उठली नाही.

“त्या इतिहासकाराचं जेवढं आहे तेवढं मी पहिल्याच उन्हाळ्यात वाचून संपवलं,” ते म्हणाले. “नाही.”

“मग नानांना?”

“नानांना मी खोटं बोललेलो नाही. सापडलं नाही, एवढंच म्हणतो. ते खरं आहे.” थोड्या वेळाने म्हणाले, “एकदा मी त्यांना सांगितलं की, रोमन लोकांची बरीच पुस्तकं हरवली आहेत. ते लगेच म्हणाले, मंग त्यात आसंल. मी गप्प बसलो. संपादकबाई, मी मागचा दरवाजा उघडला आणि स्वतः कडी धरून उभा आहे.”

“त्यात कुणाचं नुकसान आहे?”

“दत्ताचं. नानांचंही असेल. मला काय ठाऊक? मी शेती केलेली नाही.” मग अगदी हळू : “आणि नानांनी विकलं की ती खोली जाते. माझी खोली. म्हणजे मी त्यांच्यासाठी गप्प आहे की माझ्यासाठी, हे तपासायला माझ्याकडे पुस्तक नाही.”

मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नका. असल्या वेळी माणसं म्हणतात ते मीही म्हटलं.

“तुम्हाला आणखी एक सांगतो,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात मी ते वाक्य लॅटिनमध्ये म्हणून पाहिलं. तोंडातल्या तोंडात. इतकं चांगलं बसलं, अगदी त्याच्याच धाटणीत, की मला घाम फुटला. जुन्या कागदावर लिहिलं असतं आणि नानांच्या हातात दिलं असतं तर या तालुक्यात मला पकडणारा कोण होता? मीच. मी उठून आंघोळ केली.”

टपरीवाला म्हणाला, “फादर, च्या गार झाला.” ते म्हणाले, “मी फादर नाही.” आणि तो गार चहा पिऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आपण सगळे रोज यापेक्षा मोठ्या गोष्टी दडपून जेवायला बसतो. खरं आहे. पण ज्याने आयुष्यात एकच काम केलं आणि ते चोख केलं, त्याला पळवाट नसते. त्या पावसाळ्यात ते खंगले. प्रूफांत चुका राहू लागल्या. छापखानेवाल्याने मला सांगितलं की, एका स्मरणिकेत रोमन इतिहासकाराचं वाक्य होतं आणि फादरांनी त्याला हातही लावला नाही. “बरं वाटत नसेल,” तो म्हणाला. “नाहीतर रोम म्हटलं की पेन्सिल उठतेच.”

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी अंकाची प्रूफं घेऊन गेले, तर पडवीत सगळे बसलेले. नाना, दोन्ही मुलं, बिल्डरचा माणूस आणि फादर. नानांच्या मंडळींनी, सगळे त्यांना आक्का म्हणत, मला पाट दिला. मी जायला उठले तर दत्ता म्हणाला, “बसा मॅडम. शिकल्याली मानसं हवीतच.” खाचरांत भात पिवळं व्हायला लागलं होतं.

दत्ताने आवाज चढवला नव्हता. “फादर, दोन वर्सं झाली. आमचा नाना म्हनतो तुमी हुडकताय. एकदाच सांगा. त्या रोमवाल्यानं लिवलंय, का न्हाई लिवलं?”

बिल्डरचा माणूस हसला. “काय राव, जमीन घोटावड्याची आन साक्षीदार रोमचा!”

“तुमी गप ऱ्हावा,” दत्ता त्याच्यावर खेकसला. मग पुन्हा फादरांकडे : “हे बगा, रोमला आमचा सात-बारा म्हाईत न्हाई. पन नाना तुमच्यावर थांबलाय. तुमी म्हनला हाय, तर मी ह्या जन्मात ईषय काडनार न्हाई. आईची आन.”

सगळं फादरांच्या जिभेवर आलं होतं. एक ‘आहे’ म्हणायचं होतं. ते खरं आहे का, हे विचारणारा त्या पडवीत दुसरा कुणी नव्हता. मला माहीत होतं, पण मी बोलले नसते, आणि त्यांनाही ते माहीत होतं. ‘हरवलेल्यात असेल’ म्हणाले असते तरी चार वर्षं सहज निघाली असती.

नाना त्यांच्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यात. ते फक्त वाट बघत होते, रोज दारात बघायचे तशीच.

“नाही,” फादर म्हणाले. “त्याने लिहिलेलं नाही.”

आक्कांच्या हातातलं सूप थांबलं.

“आन हारवलेल्या पुस्तकात?” नानांनी विचारलं.

“ते वाक्य त्याचं नाही, नाना. कुठेच नाही. त्या पाहुण्यांनी स्वतः केलेलं असावं, नाहीतर कुठेतरी ऐकलेलं.”

“म्हंजी दोन हजार वर्सांचं न्हाई.”

“नाही.”

“तुमाला कवा समाजलं?”

मी त्या प्रश्नालाच भीत होते. फादर म्हणाले, “पहिल्याच उन्हाळ्यात.”

गोठ्यात म्हैस अंग घासत होती. मग नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली.

“तवाच सांगितलं आसतं तर तवाच इकली आसती,” ते म्हणाले. “दोन भातं जास्त निगाली तुमच्यामुळं. आन ह्ये तिसरं उबं हाय.” दत्ताकडे वळून म्हणाले, “कापनी झाल्यावर. आदी न्हाई.” आणि उठून खाचराकडे गेले.

हे उपकार होते, टोमणा होता की नुसता हिशोब, मला कळलं नाही. फादरांना तर नाहीच. ते पुढे कितीदा तरी मला विचारायचे, “त्यांचा सूर कसा होता, तुम्हाला आठवतो?” ज्या माणसाने जन्मभर शब्द तपासले, त्याला त्या एका वाक्याचा सूर तपासता आला नाही.

मी एकदा रागावून म्हटलंही, “कशाला सांगितलंत? कुणाचं भलं झालं?”

“दत्ताने शपथ घेतली होती,” ते म्हणाले. “माझ्या एका शब्दावर त्याचा सगळा जन्म. एवढा मोठा संदर्भ मी खोटा कसा देऊ?” मग स्वतःशीच : “पण दोन वर्षं दिलाच.”

कापणी झाली, सही झाली. खोल्या पाडायच्या ठरल्या. नानांनी गावातल्या घरात त्यांच्यासाठी माळा रिकामा करून दिला होता, आक्का म्हणाल्या, “फादर, तितं म्हस बी न्हाई तरास द्यायला.” पण ते राहिले नाहीत. वसईला पुतणीकडे जातो म्हणाले. पुस्तकं दत्ताने स्वतःच्या टेंपोत भरली. मी पाहायला गेले होते. खाकी कव्हरांच्या त्या ढिगावर त्याने ताडपत्री घातली, दोर ओढला, पुन्हा उतरून कोपरा नीट केला, पुन्हा दोर ओढला. पाऊस मुळीच नव्हता.

निघताना नाना दाराशी आले. दुधाचा तांब्या हातात नव्हता, तरी सवयीने तिथेच थांबले.

“हुडकत ऱ्हावा,” ते म्हणाले.

फादरांनी मान हलवली. टेंपो फाट्याच्या दिशेने गेला. शाळेच्या भिंतीजवळून जाताना त्यांनी तिकडे पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही.

वसईहून ते मला अधूनमधून फोन करत. पुतणीकडे सगळं ठीक आहे, समुद्राचा वारा पुस्तकांना बाधतो, एवढंच. रोमचा विषय काढत नसत. दोन-अडीच वर्षांनी एका सकाळी पुतणीचाच फोन आला. झोपेत गेले. मी घोटावड्याला जाऊन नानांना सांगितलं. नाना तेव्हा नातवाच्या सायकलीची चेन बसवत होते. खाचरांच्या जागी कुंपण आणि सुरक्षारक्षक होता. त्याने मला अडवून विचारलं होतं, “किस से मिलना है?” मी नाव सांगितल्यावर म्हणाला, “यहाँ ऐसा कोई नहीं रहता.” घर कुंपणाच्या पलीकडे होतं.

चेन बसली तरी नाना पेडल फिरवत राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी शाळेची भिंत नव्याने रंगली. रंगाचं काम दत्ताने अंगावर घेतलं होतं. वाक्य तेच, अक्षरं आणखी मोठी. फक्त खालचा ‘रोमन इतिहासकार’ खोडून तिथे लिहिलं होतं : ‘फादर’.

मी दत्ताला गाठलं. “अरे, हे त्यांचं वाक्य नाही.”

“रोमवाल्याचं न्हाई, आसं त्येच म्हनले. मंग कुनाचं? दोन वर्सं त्येच तर घेऊन बसल्याले.”

“अरे, हे त्यांनी कधीच म्हटलेलं नाही. आणि ते फादरही नव्हते.”

दत्ताने भिंतीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. “मॅडम,” तो म्हणाला, “बिननावाचं वाक्य भिंतीवर बरं दिसत न्हाई. आन त्येंचं नाव कुटंतरी लावायचंच व्हतं मला.”

मी गप्प बसले. कडी धरून उभं राहणं किती सोपं असतं, ते तेव्हा कळलं.

पुढच्या समारंभाला तेच निवृत्त प्राचार्य पुन्हा आले. भाषणाच्या शेवटी त्यांनी डोळे मिटले, हात वर नेला आणि सांगितलं की, याच गावात एक ज्ञानी फादर राहून गेले, आणि ते म्हणत असत… टाळ्या थांबेनात. या खेपेला चहाच्या वेळी कुणी पुढे झालं नाही.

तिथून ते वाक्य हिंडू लागलं. तालुक्याच्या एका दिनदर्शिकेत आलं, आमच्याच गृहपत्रिकेत नव्या साहेबांच्या संदेशात आलं. मी प्रूफावर पेन्सिलीने ‘कुठे?’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, “म्हणजे काय?” मी म्हटलं, संदर्भ हवा. ते म्हणाले, “मग घाला की.”

मी घातला : घोटावडे, शाळेची भिंत, रस्त्याकडची बाजू.

पुढच्या वर्षी ती भिंत रस्ता रुंदीकरणात गेली.